कलम

डोमाजी खोब्रागडे संत्र्याचे डोळे बांधतो.
जंभेरीचा खुंट पेन्सिलीएवढा झाला
की सालीत उभी-आडवी चीर,
चिरेत दुसऱ्या झाडाचा डोळा, वरून पट्टी.
आधी केळीचं सोपट असायचं, आता प्लास्टिक.
पन्नास वर्षांत बोट दोनदाच कापलं म्हणतो.
मी तीन वण मोजलेत.

तो पंचायतीत आला तेव्हा माझा प्रिंटर अडकला होता.
एका हातात तलावाची नोटीस,
दोन एकर, दोनशे वीस झाडं, सगळी पाण्याखाली.
काखेत विहाराच्या कपाटातलं संविधान,
वाळवीनं कडा कुरतडलेलं, त्याच्या लग्नाहून जुनं.
पान काढून ठेवलेलं होतं. एकतिसावर बोट ठेवलं.
"हे वाच. मंग सांग त्यायले."

मी नवी प्रत उघडली.
एकतीस आकडा आहे, पुढं कलम नाही.
कंसात जुनं नाव, आणि शेवटी एक शब्द: निरसित.
"म्हंजे मेलं?"
"मेलं नाही, बाबा. इथून उपटून तीनशेच्या पुढं लावलं.
जमीन घ्यायची तर कायद्यानं घ्या, एवढं म्हणतं अजून.
पण मूलभूत हक्कांच्या कुंपणात नाही."
तो त्या कंसाकडं पाहत राहिला.
"कुंपनाबाहेरच्या झाडाले पानी भेटते,
राखन नाही भेटत."

मला माहीत होतं, आणि सांगवत नव्हतं,
की याच एकतिसावर बोट ठेवून
गावचा मालगुजार नागपूरच्या कोर्टात उभा होता.
मग दिल्लीत एकतिसाला क बांधला, ख बांधला,
मालगुजाराचं बोट घसरलं,
आणि डोमाजीच्या बापाचं नाव सात-बाऱ्यावर चढलं.
"ठाऊक हाय मले," तोच म्हणाला.
"त्या वक्ती आमच्या घरी गूळ वाटला."

प्रिंटर अजून घरघरत होता.

त्यानं मागची पानं चाळली.
"सतरा?"
"जसंच्या तसं."
"अक्षरबी नाही बदललं?"
"अक्षरही नाही."
तो हसला. मला ते हसू आवडलं नाही.
"तवाबी हेच अक्षर होतं.
माही माय रिकामी घागर घेऊन विहिरीपासून दहा पावलं दूर
दुपार होईस्तोवर बसे. कोनी वरून ओतलं तं ओतलं."

एकविसावर मीच थांबले.
तेवढंच एक वाक्य, जीवित आणि स्वातंत्र्य,
त्याच्या पुस्तकात आहे तसंच माझ्याही.
पण कोर्टांनी ते वाचता वाचता
त्यातून स्वच्छ पाणी निघालं, हवा निघाली,
आपल्या घरात आपल्यापुरतं असणं निघालं.
"एका खुंटावर इतके डोळे? बांधले कोनं?"
"वाचणाऱ्यांनी. आणि भांडणाऱ्यांनी."
"मंग वाळतीलबी. ध्यान देलं नाही तं."

खाली एकवीस-क. त्याच्या पुस्तकात तिथं कोरी समास.
सहा ते चौदा वर्षं, मोफत शिक्षण.
त्यानं बोटांवर मोजलं.
आचलला श्रावणात पंधरावं लागतं.
गावची शाळा आठवीपर्यंत, पुढं काटोलची एसटी,
आली तर.
"पंधराव्या वर्षी काय होते पोरीले?"
माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कलमाजवळही नाही.

आम्ही हरकत लिहिली. तीनशे-क घातलं, एकवीस घातलं,
झाडांची संख्या अक्षरी आणि अंकी.
एकतीस त्यानं घालायला सांगितलं,
मी नको म्हटलं, तो गप्प झाला,
मग सही केली, ड मोठा, बाकीची अक्षरं उतरणीला लागलेली.

जाताना माझी पेन्सिल मागितली.
जुन्या पुस्तकाच्या समासात एकवीस-क लिहून घेतलं,
माझ्या प्रतीवरून, शब्द न् शब्द.
एकतिसावर मात्र काट मारली नाही.
खिशातून डोळे बांधायची पट्टी काढली,
त्या पानात खूण म्हणून घातली, पुस्तक मिटलं.

ती पट्टी महिन्याभरात सोडायची असते,
नाही तर खोडात रुतते.
मी त्याला आठवण केली नाही.